चंद्र दिसलाच नाही तर? तुम्ही विचारलंत म्हणून

दर आषाढात हा प्रश्न येतोच. ऑफिसमधल्या मुली विचारतात, नवीन लग्न होऊन आलेली भाचेसून विचारते, परवा तर लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या ताईंनी विचारलं, की काकू तुम्ही इतकी वर्षं संकष्टी करताय, मग पावसाळ्यात ढगांमुळे चंद्र दिसलाच नाही तर तुम्ही उपास सोडता कसा? लिफ्टमध्ये काय सांगणार, चौथा मजला येईपर्यंत अर्धंच सांगून झालं, म्हणून आता सगळं सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. पंचांगात चंद्रोदयाची वेळ दिलेली असते, ती झाली की पूर्वेकडे तोंड करून अर्घ्य द्यायचं आणि उपास सोडायचा. आकाशात दिसला तर हात जोडायचे, नाही दिसला तरी जोडायचे. आमच्याकडे तीन पिढ्या असंच चालत आलंय आणि यात काही पळवाट वगैरे नाहीये. मुळात संकष्टी कुठल्या दिवशी धरायची हेच चंद्रोदयावरून ठरतं, म्हणजे वद्य पक्षातली चतुर्थी चंद्र उगवायच्या वेळेला असली पाहिजे. म्हणून कधीकधी कॅलेंडरमध्ये सकाळी तृतीया दिसते आणि तरी खाली संकष्टी छापलेली असते, मग फोनवर फोन येतात की चुकलंय का काही. चुकलेलं नसतं. सकाळची तिथी कोणती हे इथे बघत नाहीत, रात्रीची बघतात.

आमचं लहानपण जुन्या नाशकात, तिवंध्यापाशी वाड्यात गेलं. वाड्याला क्षितिज कुठलं असणार? चौकात उभं राहून वर बघितलं की आकाशाचा एक चौकोनी तुकडा, बस्स. चंद्र उगवून पार वर चढला की मग तो समोरच्या कौलांवर यायचा. आईला तो डोळ्यांनी बघितल्याशिवाय घास जायचा नाही आणि आजी मात्र पंचांगवाली. ती वेळ झाली की ताम्हन घेऊन चौकात यायची, गंध, अक्षता, लाल फूल, दूर्वा घातलेलं पाणी पळीनं सोडायची, गणपतीला, चतुर्थी तिथीला आणि चंद्राला, आणि आईला म्हणायची, "ये गं, ढग आपल्या वाड्यावर आलेत, चंद्रावर नाही आलेले." आई तरी थांबायची. दोघींमध्ये यावरून कधी वाद झालेला मला आठवत नाही, आजी पहिला घास घ्यायची नाही एवढंच, सून येईपर्यंत पानावर पाणी फिरवून नुसती बसून राहायची.

खूप वर्षांनी मला कळलं की दोघींचंही बरोबर होतं. पंचांगातली वेळ ही सपाट क्षितिजाची असते, म्हणजे मधे काही आडवं नसेल तर चंद्राची वरची कड कधी दिसेल ती वेळ. पण समोर इमारत, डोंगर, झाडं असली की तो तेवढा वर येईपर्यंत वाट बघावी लागते. एक अंश चढायला साधारण चार मिनिटं लागतात, म्हणजे समोरची बिल्डिंग पाच अंश जरी वर असली तरी वीस-पंचवीस मिनिटं गेलीच. शिवाय गाव बदललं की वेळ बदलते. मुंबईपेक्षा आपण जरा पूर्वेला आहोत म्हणून आपल्याकडे दोन-चार मिनिटं आधी, आणि माझी नणंद नागपूरला असते तिच्याकडे आपल्यापेक्षा वीसेक मिनिटं आधी, तिचा "झालं आमचं जेवण" असा मेसेज येतो तेव्हा आमच्याकडे अजून निरांजनाची वात वळणं चाललेलं असतं. त्यामुळे मोबाईलवर वेळ बघत असाल तर शहर नाशिकच निवडलंय ना ते बघा, एवढं मात्र कराच.

दुसरं असं की ही वेळ दर महिन्याला बदलते याचंही नव्या मुलींना आश्चर्य वाटतं. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो, मग रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा, म्हणून चतुर्थीला तो अंधार पडून बराच वेळ झाल्यावर येतो. पण ते पन्नास मिनिटं बारा महिने सारखे नसतात. भाद्रपद-आश्विनात चंद्राची वाट क्षितिजाला जास्त तिरपी असते त्यामुळे रोजचा उशीर कमी होतो, वर दिवसही लवकर मावळतो, म्हणून साडेआठच्या आसपास आपली सुटका. आणि वैशाख-ज्येष्ठात दहा वाजून जातात. उन्हाळ्यातली संकष्टी म्हणूनच खरी कठीण.

अशाच एका ज्येष्ठातल्या संकष्टीला बाबांना त्रास झाला. शुगरची गोळी सकाळी घेतलेली, दुपारी वाटीभर भगर आणि दाण्याची आमटी (पुण्याकडे वरी म्हणतात, आपल्याकडे भगरच), त्यानंतर चहाशिवाय काही नाही. नऊच्या सुमारास ते खुर्चीत बसल्या बसल्या घामानं भिजले, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. आम्ही सगळे गोंधळलो आणि आजी, जी उपासात मीठसुद्धा कुठलं घातलंय हे विचारायची, ती उठली, डब्यातून मूठभर साखर घेतली, पाण्यात कालवली आणि पेला बाबांच्या तोंडाला लावला. चंद्रोदयाला तासभर होता. कुणीतरी हळूच तसं म्हणालंही. आजी वळून म्हणाली, "गणपती माझा आहे, मी बघते त्याच्याकडे काय सांगायचं ते." नंतर डॉक्टरांनीही सांगितलं की या गोळ्या चालू असताना जेवण चुकवायचं नाही, पण आमच्या घरात निर्णय त्याआधीच झालेला होता. त्यानंतर बाबा संकष्टीला संध्याकाळी सातला व्यवस्थित वरणभात खायचे आणि तरी चंद्रोदयाला सगळ्यांच्या आधी गच्चीवर जाऊन उभे राहायचे. पहिलं अर्घ्य त्यांच्याच हातून. म्हणून कुणी मला विचारलं की गोळ्या चालू आहेत, पोटात बाळ आहे, ॲसिडिटी होते, तरी संकष्टी करू का, तर मी सांगते की जेवा आणि या गच्चीवर.

आता आम्ही इंदिरानगरला, चौथा मजला, वर गच्ची. इथे चंद्राची जागा पण फिरते हे मला इथेच कळलं, वाड्यात कळलंच नव्हतं. आश्विनात तो पार ईशान्येकडून, द्वारका-आडगावच्या बाजूनं येतो, आषाढात टाकीच्या डाव्या अंगाला जवळजवळ सरळ पूर्वेला. आश्विनातली संकष्टी तर मला सगळ्यात आवडते कारण त्या दिवशी गच्चीवर आम्ही एकट्या नसतो. आपली आश्विन वद्य चतुर्थी म्हणजेच उत्तरेकडच्या लोकांची करवा चौथ, त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला, म्हणून त्यांच्या हिशेबानं तो कार्तिक. दिवस एकच, चंद्र एकच. तिसऱ्या मजल्यावरच्या पंजाबी भाभी चाळणी घेऊन नटून येतात, मी ताम्हन घेऊन साध्या साडीत, आणि दोघी कठड्याला टेकून एकाच दिशेला बघत असतो. त्यांनी दिवसभर पाणीही घेतलेलं नसतं. पहिल्या वर्षी चंद्र आधी मला दिसला, मी ओरडले "भाभी, तो बघा!" आणि त्यांनी घाईघाईत चाळणी उलटी धरली. आता दरवर्षी माझ्याकडचे दोन तळणीचे मोदक त्यांच्याकडे जातात आणि त्यांच्याकडची मठरी माझ्याकडे येते.

अंगारकीचं वेगळं सांगत नाही, मंगळवारी संकष्टी आली की नवशा गणपतीला रांग कुठवर जाते ते तुम्ही बघितलंच असेल. मी अंगारकीला देवळात सकाळी लवकर जाऊन येते, चंद्र मात्र घरच्याच गच्चीवर. आणि हो, भाद्रपद शुद्ध चतुर्थीचा चंद्र बघायचा नसतो, स्यमंतक मण्याचा आळ येतो म्हणतात, ती शुद्धातली चतुर्थी. तिची आणि संकष्टीची गल्लत करू नका, एक मुलगी त्या भीतीनं वर्षभर चंद्राकडे पाठ करून अर्घ्य देत होती.

तर आषाढ. या वेळी दुपारपासूनच धार लागली होती, सराफ बाजाराजवळच्या फुलबाजारात दूर्वा घ्यायला गेले तर जुड्या भिजून काळ्या पडलेल्या, त्यातल्या त्यात बऱ्या बघून एकवीस वेगळ्या काढल्या. तिथेच लोक बोलत होते की गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलंय. रात्री अथर्वशीर्षाची आवर्तनं झाली, आरती झाली, वेळ झाली. आई आता ऐंशीच्या पुढं आहे, गच्चीचा जिना तिला चढवत नाही, म्हणून गॅलरीतच पूर्वेकडच्या कोपऱ्यात तिची खुर्ची ठेवली. समोर काही नाही, नुसता करडा अंधार आणि रस्त्यावरच्या दिव्यात तिरपा पडणारा पाऊस. जी बाई वाड्याच्या चौकात कौलांवर चंद्र येईपर्यंत उपाशी उभी राहायची, तिनं घड्याळाकडं बघितलं, पळी उचलली आणि पाणी सोडलं. ते ताम्हनात पडलं, त्यावर पागोळीचं पाणी पडलं.

"दिसला का गं?" तिनं मला विचारलं.

"नाही. ढग आहेत."

"आपल्या वाड्यावर," ती म्हणाली आणि मला हात पुढं केला, उठून जेवायला जायला.