आई की बाई

"तू आत्ता आई आहेस की बाई?"

पियानोच्या स्टुलावरून लेकीनं हे विचारलं, तेव्हा मी तिच्या मनगटाखाली हात घालून ते वर उचलत होते. वय वर्षं सहा. बाई असेल तर ऐकावं लागेल, आई असेल तर कुरकुर करून बघता येईल, एवढाच तिचा हिशेब. मी म्हटलं, "बाई." तिनं निमूट मनगट उचललं. दोन मिनिटांनी म्हणाली, "बाई, माझ्या आईला सांगा ना, मला कंटाळा आलाय."

स्वतःला वाजवता येतं म्हणजे मुलांना शिकवताही येईल, हा माझा गैरसमज पहिल्याच आठवड्यात फिटला. पट्ट्यांच्या मधोमधचा 'सी' हा सूर दाखवायचा आणि तिथून गाडी सुरू करायची, असा माझा बेत होता. पियानोला ८८ पट्ट्या. त्यातल्या ५२ पांढऱ्या, सगळ्या एका मापाच्या, एका रंगाच्या. त्यातली एक बोट ठेवून दाखवली, बोट उचललं, की ती हरवली. लेकीचं लक्ष पांढऱ्यांकडे नव्हतंच. ती काळ्या मोजत होती. "इथे दोघी, इथे तिघी, परत दोघी…" मग मी माझा बेत गुंडाळला आणि सांगितलं, दोघी जिथे जिथे दिसतील तिथे त्यांना डावीकडून चिकटलेली पांढरी म्हणजे सी. दहा मिनिटांत तिनं सगळे सी शोधून दिले.

पहिला महिना आम्ही काळ्या पट्ट्यांवरच काढला. त्यात एक लबाडी आहे. नुसत्या काळ्या पट्ट्यांवर बोटं कशीही फिरवली तरी कानाला टोचत नाही. तिघींमधल्या पहिलीला सा धरा, की त्या पाच पट्ट्या म्हणजे सरळ भूपाचे सूर. लेकीला भूप ठाऊक नाही. आपण चुकतच नाही, हे मात्र तिला बरोबर ठाऊक झालं, आणि त्या महिन्यात तिला पियानोपाशी बस म्हणून एकदाही सांगावं लागलं नाही. पुढे पांढऱ्यांवर उतरलो, चुका दिसायला लागल्या, आणि 'तहान लागली', 'शू लागली' सुरू झालं.

मग बोटांचे आकडे. दोन्ही अंगठे एक, दोन्ही करंगळ्या पाच. "दोन एक कसे?" हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. दोन्ही अंगठे शेजारी ठेवून हात एकमेकांपासून दूर नेले, की दोन्हीकडे एकाच आकड्याचं बोट पडतं, म्हणून मुलांना ते झटकन जमतं. दोन्ही हात एकाच दिशेनं न्यायचे म्हटलं, की उजव्याचा अंगठा पडताना डाव्याची करंगळी पडायला हवी, आणि तिथे सगळी दांडी गुल. मला वाटायचं, दोन्ही हात एकाच बाजूला नेणं सोपं. मुलीनं ते खोडून काढलं.

आणि चौथं बोट. अनामिका. चार बोटांना नावं देऊन झाल्यावर हिच्यासाठी नावच उरलं नाही, म्हणून 'नाव नसलेली' हेच नाव. पियानोवर तिला निदान आकडा मिळतो, पण अंगात काम नाही. तळवा टेबलावर टेका, मधलं बोट आत दुमडा आणि अनामिका उचलून बघा. जागची हलत नाही. बोटं उचलणाऱ्या कंडरा मागून शेजारच्या बोटांशी जोडलेल्या असतात, त्यामुळे हिला एकटीनं उठायची मुभाच नाही. लेकीनं करून बघितलं आणि घाबरून म्हणाली, "माझं मोडलंय." माझंही तसंच मोडलंय हे दाखवल्यावर शांत झाली. अजूनही चौथं बोट आलं, की आधी तिची जीभ बाहेर येते, मग खांदा वर जातो, आणि सगळ्यात शेवटी बोट.

जिभेवर एक जुना उपाय आहे. फ्रांस्वा कूपराँ या फ्रेंच संगीतकारानं १७१६ साली हार्पसिकॉर्ड या पियानोआधीच्या पट्ट्यांच्या वाद्यावर, ते कसं वाजवावं याचं पुस्तक लिहिलं. वाजवताना तोंडं वेडीवाकडी होत असतील तर समोर आरसा ठेवा, असं तो सांगतो. आम्ही ठेवला. त्या दिवशी एकही सूर वाजला नाही, फक्त तोंडं झाली. मुलांचे पाय लोंबकळू देऊ नका, खाली काहीतरी द्या, हा त्याचा दुसरा सल्ला मात्र सोन्याचा. शब्दकोशाचे दोन जाड खंड पायाखाली ठेवले आणि मनगट उचलायला मला वाकावंच लागेना. पाय अधांतरी, तर हात कुठून स्थिर राहणार!

पण कूपराँची तिसरी युक्ती वाचून मी हसले. नवशिक्या मुलांच्या वाद्याची किल्ली तो सोबत घेऊन जायचा. पाऊण तासात बसवलेलं त्याच्या पाठीमागे मुलं क्षणात बिघडवतील, ही धास्ती. आमच्याकडे ती किल्ली लेकीकडे असायला हवी. ती एकटी असते तेव्हा चुकते, थांबते, 'हँ' म्हणते, पुन्हा वाजवते. मी शेजारी असले, की चुकीचा सूर पुरता वाजायच्या आत माझं बोट बरोबर पट्टीवर पोचलेलं असतं. मग ती पट्टीकडे बघायचं सोडून माझ्या बोटाकडे बघत बसते.

(धाकटा चार वर्षांचा. इटलीत क्रिस्तोफोरी नावाच्या वाद्यकारानं १७००च्या सुमाराला हळू आणि जोरात दोन्ही वाजेल असं वाद्य घडवलं, म्हणून ते पियानो-फोर्ते. पुढे नावातला 'जोरात' गळला; तो आमच्या धाकट्याकडे आला आहे. त्याला एकच खेळ दिलाय: आवाज न होऊ देता पट्टी तळापर्यंत दाबायची. खूप सावकाश दाबली की आतली हातोडी तारेपर्यंत पोचतच नाही. तो श्वास रोखून दाबतो. घरात तेवढीच शांतता.)

तेव्हा सध्या माझा नियम असा की दहा मिनिटं शिकवायचं आणि उठून जायचं. जाते ती स्वयंपाकघरात, भांडी घासायला. तिथून सगळं ऐकू येतं हे लेकीला माहीत आहे. काल ती पाच बोटांची उतरती ओळ वाजवत होती. पाच, चार, तीन, दोन… आणि थांबली. अंगठा पडलाच नाही. मी नळ बारीक केला. पुन्हा पाच, चार (चौथं बोट चक्क सुरेख पडलं), तीन, दोन… आणि काही नाही. तिसऱ्यांदाही तेच. तो एक सूर असा लोंबकळत राहिलेला मला सोसवेना. साबणाच्या हातांनी तशीच बाहेर आले आणि करंगळीनं सी दाबला.

लेक पट्ट्यांवरची नजर न काढता म्हणाली, "कोण आलं?"