आईच्या खोलीत एसी

आज आईसाठी एसी बघायला बेळगावच्या शहापुरात जाऊन आलो. वडगावात आमची खोली थेट स्लॅबखाली. रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर गरम लागते, आई कूस बदलत पडलेली असते. बघवत नाही.

दीड टनाचा इन्व्हर्टर एसी चाळीस हजारांच्या पुढं. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेवढाच दिलासा. पण वरचा खर्च कुणी आधी सांगत नाही. स्टँड, स्टॅबिलायझर, बसवणावळ. आउटडोर युनिट गच्चीवर, त्यामुळं सोबत येणारा तांब्याचा पाइप पुरणार नाही, जादाच्या पाइपाचे पैसे फुटावर. वायरमननं जुनी वायर बघितली आणि मीटरपासून वेगळी लाईन ओढायला सांगितली.

खरी धास्ती बिलाची. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेमुळं सध्या शून्य बिल येतं. २०० युनिटच्या वर गेलं की सगळंच बिल आपल्यावर. तासाला एक युनिट धरलं, रात्री आठ तास, तर एकट्या एसीचेच महिन्याला २४० युनिट!

तरी घेणार. आईची झोप आधी. त्याआधी गच्चीला पांढरा रंग मारून बघतो. अनगोळ-वडगाव भागात कुणी मारलाय का? फरक पडला असेल तर जरूर कळवा.