साडेसतरा

कोल्हापूरचा एसपी कोण, हे मुंबईत ठरतं. पोलीस महासंचालक त्याहून वर, यूपीएससीने पाठवलेल्या तीन नावांतून. जिल्ह्यात बसून, जिल्ह्याच्या शाईने भरलं जाणारं कायदा-सुव्यवस्थेचं मोठं पद म्हणाल तर गावचा पोलीस पाटील. मोठं म्हणजे गावापुरतं. पण ठाणं वीस किलोमीटरवर आणि वेळ रात्री एकची असली, की त्या गावात त्याच्यावर कुणीच नसतं.

मी एका प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याच्या कचेरीत फौजदारी संकलनाचा, म्हणजे त्या कामाच्या टेबलाचा, अव्वल कारकून आहे. कचेरीचं नाव लिहीत नाही. जिल्हा कोल्हापूर, एवढं पुरे. पोलीस पाटलाची नेमणूक १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाखाली प्रांतसाहेबांच्या सहीने होते. सही त्यांची असली तरी त्याआधीचे चार-पाच महिने आमचे असतात.

लोकांना वाटतं भरती म्हणजे परीक्षा. खरं तर निम्मी भरती आरक्षणाच्या सोडतीतच होऊन जाते. रिक्त गावांची यादी करायची, बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणाचा क्रमतक्ता, लावायची, कुठलं गाव कुठल्या प्रवर्गाला आणि त्यातलं कुठलं महिलेला हे ठरवायचं. चिठ्ठ्या शाळेतल्या पोराकडून काढून घेतो आणि सगळ्याचं व्हिडिओ चित्रीकरण ठेवतो. तरी संध्याकाळी कुणाचा तरी फोन येतोच, ‘आमच्या गावाला तेवढं ओपन पडलं असतं तर बरं झालं असतं.’ हे फोन करणारे पुढारी परीक्षेच्या दिवशी फिरकत नाहीत. काय करायचं ते सोडतीआधी करायचं असतं, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं कळतं.

अटी मोजक्या. वय २५ ते ४५, दहावी पास, गावचा रहिवासी, अंगापिंडाने धड, राजकीय पक्षाचा सदस्य नको, दुसरीकडे पूर्णवेळ नोकरी नको. निवड झाली की पहिली नेमणूक पाच वर्षांची, पुढे नूतनीकरण, आणि साठाव्या वर्षी थांबायचं. २०२४ मध्ये मानधन महिना ६,५०० वरून १५,००० झालं. तेव्हापासून अर्जांचे गठ्ठे जाड झाले आणि तक्रारींचेही.

छाननीत सगळ्यात जास्त अर्ज रहिवासाच्या अटीवर अडकतात. पोरगा गावचाच असतो, पण राहतो शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीजवळ खोली घेऊन. मतदार यादीत नाव गावात, रेशन कार्ड गावात, आणि माणूस रविवारी गावात. तलाठी दाखला देऊन मोकळा होतो, हरकत आली की निस्तरायचं आम्ही. दुसरा घोळ सासरी आलेल्या बायकांच्या कागदांचा. दहावीचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाने, रहिवासी दाखला सासरच्या नावाने, आणि दोन्ही नावं एकाच बाईची हे सांगणारा विवाह नोंदणीचा दाखला काढलेलाच नसतो. भरतीच्या जाहीरनाम्यात त्यासाठी ठळक ओळ घालूनही दर भरतीत असे अर्ज येतात. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, ठाण्याचा चारित्र्याचा दाखला, जातीचे कागद, हे त्यामानाने सुरळीत.

लेखी ८० गुणांची, तोंडी २० ची. लेखीत निदान ३६ मिळाले तरच तोंडीला बोलावणं. पेपर दहावीच्या पातळीचा असतो. गणित, बुद्धिमत्ता, सामान्यज्ञान, पोलीस पाटलाची कर्तव्यं आणि परिसराची माहिती. ह्या वेळी एक प्रश्न होता, पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची धोका पातळी किती फूट? उत्तर ४३. नदीकाठच्या पोरांनी सर्रास ३९ लिहिलं. ती इशारा पातळी. २०१९ आणि २०२१ चा पूर अंगणात आलेली गावं ही, पण आकडा ऐकलेला असणं वेगळं आणि कुठल्या आकड्याला घर सोडायचं हे माहीत असणं वेगळं. उत्तरतालिका लागल्यावर ह्याच प्रश्नावर तीन हरकती आल्या. तिन्ही फेटाळल्या.

आता तोंडीचा दिवस. गणपती आठवड्यावर आले होते. समितीत प्रांतसाहेब अध्यक्ष, त्यांच्याबरोबर डीवायएसपी, तहसीलदार आणि समाजकल्याणचे अधिकारी. डीवायएसपी साहेबांचा फोन टेबलावर सारखा थरथरत होता, मंडळांच्या बैठका होत्या. प्रत्येक सदस्याने स्वतःच्या कोऱ्या गुणपत्रकावर वीसपैकी गुण द्यायचे, चौघांची सरासरी काढायची, ती लेखीच्या गुणात मिळवायची, अशी पद्धत. लेखीचे गुण समितीला आधी दाखवायचे नाहीत, हा आमच्या प्रांतसाहेबांचा कटाक्ष. तो मला पटतो. आकडा समोर असला की तोंडीचे गुण त्याच्या मागे मागे चालतात.

त्या दिवशीच्या गावांपैकी एक नदीकाठचं, जागा खुली. तोंडीला पाच जण आले, पण खरी गोष्ट दोघांची.

पहिली गावची सून. एम.ए. झालेली, लग्न होऊन अकरा वर्षं त्याच गावात, कागदपत्रं इतकी चोख की छाननीत मी शिक्का मारून पुढे गेलो. लेखीत ६६, त्या गावात पहिली. दुसरा, साठ झाल्याने निवृत्त झालेल्या आधीच्या पोलीस पाटलांचा मुलगा. बारावी पास, घरची शेती. लेखीत ६१.

बाईंना पहिलाच प्रश्न गेला, ‘रात्री दोनला दारू पिऊन भांडण झालं, तर जाणार का तुम्ही?’ महिला उमेदवार आली की हा प्रश्न येतोच. मी तीन भरत्या बघितल्या, पुरुषाला तो विचारलेला एकदाही ऐकला नाही. त्या म्हणाल्या, “जाईन की. एकटी नाही जाणार, कोतवालाला उठवून नेईन. आणि साहेब, पुरुष पाटील तरी एकटा जातो का?” एक साहेब हसले. पुढचे प्रश्न कर्तव्यांवर होते, त्यांची उत्तरं पुस्तकातली, पण बरोबर होती. गुण आले १३, १२, १४, १३.

मुलाला विचारलं, नदीत प्रेत वाहून आलं तर? तो थांबून थांबून बोलला. आधी प्रेत अडकलंय की वाहतंय ते बघायचं. अडकलं असेल तर हलवायचं नाही, दोन माणसं राखणीला बसवायची, ठाण्यात फोन करायचा आणि मग लेखी वर्दी द्यायची. वर्दीत पहिल्यांदा कुणी बघितलं, किती वाजता, कुठल्या गटातल्या मळीजवळ, अंगावर काय कपडे, हे सगळं. “आणि पलीकडच्या काठाला असलं तर हद्दीचा वाद घालत बसायचं न्हाई. आमचं वडील म्हणायचं, हद्द नंतर काढा, माणूस आधी काढा.” डीवायएसपी साहेबांनी फोन उलटा करून ठेवला, तो तेव्हाच. गुण १८, १७, १७, १८. मी समितीत असतो तर मीही तेवढेच दिले असते. हे सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं वाचताना कुणी म्हणेल पोराला उचलून धरलं. तसं झालं नव्हतं.

संध्याकाळी सहाला ऑपरेटरने एक्सेलमध्ये सगळं भरून पडद्यावर यादी लावली. त्या गावापुढे बाई ७९, मुलगा ७९.

समान गुण. मग प्राधान्यक्रम काढला. आधी पोलीस पाटलाचा वारस, मग जास्त शिक्षण, मग माजी सैनिक, मग वयाने मोठा. शिक्षणात बाई सरळ पुढे, पण वारस शिक्षणाच्या आधी येतो. पाऊण तास वारस ह्या शब्दावर गेला. वारस दाखला मेलेल्या माणसाचा निघतो, इथे वडील तर निवृत्त होऊन घरी आहेत. जिवंत माणसाला वारस कसा? तहसीलदार म्हणाले, मुलगा आहे म्हणजे वारस आहे, एवढं ताणायचं कशाला. आणि चर्चा तिथेच मिटली. महसुली पाटलांची वतनी पदं १९६२ च्या कायद्याने गेली. त्याच्या किती तरी आधी, १९१८ साली, ह्याच संस्थानात शाहू महाराजांनी कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले. आणि आम्ही संगणकासमोर बसून बाप कोण होता ह्याचा रकाना शोधत होतो. नियम आहे तो, तोडता येत नाही. पण नियमाची चव तोंडात राहते.

मुलाच्या नावाने टिपणी लिहायला घेतली. सगळे उठले, डीवायएसपी साहेब बंदोबस्ताच्या बैठकीला निघून गेले.

टिपणीतले गुण मी यादीवरून उतरवत नाही, मूळ गुणपत्रकावरून हाताने बेरीज करतो. माझ्या आधीच्या अव्वल कारकुनांनी लावलेली ही सवय. ऑपरेटर त्यावर हसतात. बाई, ५२ भागिले ४, तेरा. ६६ अधिक १३, ७९. बरोबर. मुलगा, ७० भागिले ४, साडेसतरा. ६१ अधिक साडेसतरा, साडेअठ्ठ्याहत्तर.

पुन्हा केली. साडेअठ्ठ्याहत्तरच.

ऑपरेटरला बोलावून एक्सेल उघडायला लावलं. सरासरीच्या घरावर टिचकी मारली तर १८ दिसत होते. दशांशचिन्हाचं बटण दोनदा दाबल्यावर १७.५० आले. कॉलम नीट दिसावा म्हणून त्याने दशांश शून्यावर ठेवले होते, आणि एक्सेल अर्ध्याला वर ढकलून दाखवतं. आत साडेसतरा, बाहेर अठरा. बेरजेचंही तेच, आत ७८.५, बाहेर ७९. खरं तर यंत्राने आम्हाला सांगितलं होतं. उतरत्या क्रमाने यादी लावल्यावर बाईंचं नाव वर आलं होतं. समान गुण असताना तीच वर का, हे आमच्यापैकी कुणालाच खटकलं नाही. ऑपरेटर पोरगा कंत्राटी, बारा तास बसलेला, त्याला बोलण्यात अर्थ नाही. चौघा अधिकाऱ्यांसमोर ती यादी होती आणि मीही तिथेच उभा होतो.

प्रांतसाहेब गाडीत बसत होते, त्यांना गाठलं. प्रश्न आता साधा राहिला नव्हता. चूक फक्त दिसण्याची म्हणायची, की अर्धा गुण पूर्ण धरायचा हीच पद्धत म्हणायची? जाहीरनाम्यात त्याबद्दल अक्षर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी समिती पुन्हा बसली, डीवायएसपी साहेबांची सही ठाण्यात जाऊन आणली. निर्णय झाला, जाहीरनाम्यात पूर्णांक करण्याची तरतूद नाही, म्हणून मिळालेले गुण जसेच्या तसे धरायचे. सगळ्या गावांच्या याद्या दोन दशांशांपर्यंत पुन्हा काढल्या. बाकी कुठे निकाल हलला नाही. इथे अर्ध्या गुणाने बाई पोलीस पाटील झाल्या. मी इतिवृत्तात ऑपरेटरचं नाव न घालता ‘संगणकीय मांडणीतील त्रुटी’ असं लिहिलं.

यादी लागल्यावर चार दिवसांनी मुलाचे वडील आले. पंचवीस वर्षं मासिक बैठकीला ह्याच कचेरीत बसलेला माणूस, शिपायापासून सगळे ओळखतात. आरडाओरडा काही नाही. खुर्चीत बसले, टोपी मांडीवर ठेवली.

“भाऊसाहेब, पोरगं पडलं त्येचं काय न्हाई. बाई हुशार हाय, मी गावात बगतोय. पर मागल्या भरतीत तुमी पूर्णांक धरला हुता न्हवं?”

मी म्हटलं, “बघून सांगतो पाटील.” त्यांना वाटलं मी टाळतोय. मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, दाद मागता येते, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. कोल्हापुरात १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय, तरी पोलीस पाटलाच्या नेमणुकीचं भांडण आधी मॅटलाच न्यावं लागतं, आणि त्यासाठी मुंबईची गाडी पकडावी लागते. ते मॅटला गेले नाहीत.

मागची फाईल अभिलेख कक्षातून काढली. पाटील बरोबर बोलत होते. एकत्रित यादीत सगळे गुण पूर्णांकात, एकही अर्धा नाही, पाव नाही. चौघांच्या सरासरीत सगळीकडे पूर्ण आकडा येणं शक्यच नाही. आणि तिथे एका गावात दोघांना समान गुण, प्राधान्यक्रमात वारस, वारसाची निवड. ते खरंच समान होते का हे बघायला सदस्यांची मूळ गुणपत्रकं हवीत. फाईलच्या पानांवर अनुक्रमांक आहेत, एकही पान मधून गेलेलं नाही. ती गुणपत्रकं फाईलला लावलीच नव्हती. तेव्हा ह्या टेबलावर मी नव्हतो. पण जो होता त्याच्या जागी मी असतो तर लावली असती, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. एकत्रित यादीवर चार सह्या झाल्या की सुटी कागदं कुणी जपत नाही. आता मी जपतो, लिफाफ्यात घालून, फाईलला टाचून.

मागच्या भरतीतल्या त्या गावच्या पोलीस पाटलाची पाच वर्षं संपत आलीत. नूतनीकरणाचा प्रस्ताव परवा माझ्याकडे आला. नमुन्यात रकाने आहेत, वय, वैद्यकीय दाखला, ठाण्याचा अहवाल, तक्रारी असल्यास. ठाण्याचा अहवाल चांगला आहे, तक्रार नाही. पुरात माणसाने काम केलेलं सगळ्यांना माहीत आहे. टिपणी एका पानाची होते. ती अजून माझ्या ट्रेमध्येच आहे.