खाली डोकं करून वाळलेले सुरवंट

स्पाँजी मॉथ या पतंगाचे सुरवंट ओकची पानं फस्त करतात. त्यातला मेलेला सुरवंट खोडाला कसा लटकलाय ते आधी बघा, औषधाचं नंतर बोलू. मे सरत आला की आमच्या इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या, मराठी ग्रुपवर ‘झाडांवर काय फवारू?’ सुरू होतं आणि मी दरवेळी हेच लिहिते. सरळ, डोकं खाली करून वाळला असेल तर त्याला बुरशीनं मारलंय: एंटोमोफागा मायमायगा. इंग्रजी व्ही उलटा धरावा तसा लिबलिबीत लोंबत असेल तर विषाणूनं.

स्पाँजी मॉथ इथला नाही. 1860च्या दशकात ट्रूव्हेलो नावाच्या गृहस्थांनी तो युरोपातून मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्डला आणला आणि तो निसटला. 1910-11मध्ये जपानहून ही बुरशी आणून बॉस्टनजवळ सोडली, पण ती रुजल्याचं काही दिसेना. 1989च्या ओल्या वसंतात मात्र ईशान्येकडच्या कितीतरी राज्यांत सुरवंट पटापट मरू लागले, आणि कारण हीच बुरशी निघाली. ती बहुधा नंतर कधीतरी नकळत आलेली, असं अभ्यासकांना वाटतं.

तिचा बीजाणू अंगावर पडला की कातडी भेदून आत शिरतो आणि साधारण आठवड्यात सुरवंट संपतो. लहान सुरवंटांच्या कलेवरांतून नवे बीजाणू हवेत उडतात. मोठ्यांच्या पोटात जाड कवचाचे बीजाणू तयार होतात, ते झाडाच्या बुंध्याशी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात. त्यांना जागं करायला मे-जूनचा पाऊस लागतो.

2015-16ला तोच आला नाही. 2017मध्ये राज्यात नऊ लाख एकरांहून जास्त जंगल ओरबाडलं गेलं. त्या वर्षी पाऊस झाला, बुरशीनं सुरवंटांचा फडशा पाडला, पण लागोपाठ पानं गेलेले क्वाबिन जलाशयाकडचे कितीतरी ओक वाळलेच. ते बघताना मला फार वाईट वाटलं. तरी माझा भरवसा बुरशीवरच आहे. 1906मध्ये याच किडीसाठी आणलेल्या एका परोपजीवी माशीनं इथल्या देखण्या सिक्रोपिया पतंगांचाही जीव घेतला. ही बुरशी जंगलात जवळजवळ याच किडीपुरती राहते.

एका वर्षी पानं गेली म्हणून धडधाकट ओक मरत नाही, जुलैत नवी पालवी येते. म्हणून सरसकट विषारी फवारणी नको, त्यात बाकीचे किडेही जातात. हिवाळ्यात खोडावरचे भुरे, मऊ अंडीपुंज खरवडून साबणाच्या पाण्यात बुडवा. आणि बुंध्याशी पडलेले मेलेले सुरवंट झाडून फेकू नका, पुढच्या वर्षांची बुरशी त्यांच्यातच आहे.