उलटसुलट फिरणारं पाणचाक: कप्पे बसले, आता माणसं

मंडळी, या महिन्यात चाक पहिल्यांदा दोन्ही दिशांना फिरलं! नव्यांसाठी: खाणीतलं पाणी उपसणारं हे यंत्र जर्मन विद्वान अ‍ॅग्रिकोलाच्या १५५६ साली छापलेल्या ‘दे रे मेटालिका’ या खाणकामावरच्या ग्रंथात आहे. मूळ चाकाचा व्यास ३६ फूट. माझ्या मॉडेलचं प्रमाण १:२४, म्हणजे चाक दीड फुटाचं.

चाकावर कप्प्यांच्या दोन रांगा, तोंडं एकमेकींच्या उलट. वरच्या टाकीला दोन दारं. एक उघडलं की चाक सुलट, ते बंद करून दुसरं उघडलं की उलट. त्याच आसावर साखळी गुंडाळते, त्यामुळे भरलेली कातडी मोट वर येताना रिकामी खाली जाते. मोट ओतली की चाकाची दिशा बदलायची, बस्स. मला या यंत्रातली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते.

कप्पे ३ मिमी प्लायचे, सांधे इपॉक्सीने भरले. दोन रांगांमधली फळी जरा उंच ठेवा. एका रांगेतलं पाणी दुसरीत उडालं की चाकाचा जोर तिथेच मरतो. दार बंद केल्यावरही कप्प्यांत उरलेलं पाणी चाक ओढत राहतं, म्हणून ब्रेक हवाच. तो सागवानी पट्टीचा केलाय, छान पकडतो.

आता माणसं. दारांच्या दांड्या ओढणारा वर टांगलेल्या खोपटात, दुसरा ब्रेकपाशी, बाकीचे मोटा ओतायला विहिरीच्या तोंडाशी. म्हणजे एवढं अजस्र चाक माणसांच्या वेळेवरच चालायचं. वरच्याने दार लावायला क्षणभर उशीर केला तर मोट कुठे आदळेल, हे मॉडेल चालवताना नीट कळतं.

पाळ्याही त्याच ग्रंथात दिल्यात. सात-सात तासांच्या तीन: पहाटे ४ ते ११, दुपारी १२ ते ७, रात्री ८ ते ३. मधला एकेक तास उतरण्या-चढण्याचा. काही ठिकाणी लागोपाठ दोन पाळ्या करायला बंदी, कारण थकलेला माणूस खाणीत झोपी जातो. रात्रपाळी फक्त नडीलाच, आणि तेव्हा झोप येऊ नये म्हणून कामगार गाणी म्हणायचे. अ‍ॅग्रिकोला १५२७ पासून योआखिमस्थाल या खाणींच्या गावात डॉक्टर होता, हे या बारकाव्यांत जाणवतं.

मी देखावा रात्रपाळीचाच करणार. दिव्यांसाठी पिवळे एलईडी आणलेत. त्याआधी मोटा: पातळ कातडं भिजवून, साच्यावर ताणून वाळवणार आहे.