तुम्ही विचारलंत म्हणून : समूहाच्या आडून का पाहता?

इंदूरच्या मराठी मंडळींसमोर, विशेषतः रामबागेतील गणेशोत्सवात, दूरच्या दीर्घिकांविषयी, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या प्रचंड मेळ्यांविषयी, बोलण्याचा योग आला की एक प्रश्न हमखास येतो : "पुढ्यात दीर्घिकांचा एवढा मोठा समूह आडवा असताना तुम्ही मुद्दाम त्याच्याच पलीकडचे का पाहता, आणि तिथले चित्र वाकलेले असताना त्यावर विश्वास कसा ठेवता?"

प्रश्न रास्त आहे. उज्जैनची वेधशाळा लहानपणापासून पाहिलेल्या माणसांना वेध म्हणजे सरळ रेषेत येणारा प्रकाश हेच ठाऊक असते, आणि सवाई जयसिंहांची सारी यंत्रे त्याच आधारावर उभी आहेत.

समूह आडवा असला तरी त्याने वाट अडत नाही. त्याच्या वस्तुमानाचा बहुतांश भाग कृष्णद्रव्याचा, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाकर्षण असलेल्या द्रव्याचा, असतो आणि कृष्णद्रव्य प्रकाश रोखत नाही, फक्त वळवते. सूर्याच्या शेकडो लाख कोटी पट वस्तुमान एकत्र आले की मागच्या दीर्घिकेचा जो प्रकाश एरवी आपल्याला चुकवून गेला असता, तोही आपल्याकडे वळतो. प्रतिमा ताणली जाते. तिच्या पृष्ठभागाची तेजस्विता तेवढीच राहते, पण आकार वाढल्यामुळे एकूण प्रकाश वाढतो. दीर्घिकासमूह असे भिंग होऊ शकतात हे खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३७ मध्येच मांडले होते, परंतु आबेल ३७० या समूहात दिसणारी प्रकाशाची मोठी कमान ही मागच्या दीर्घिकेची ताणलेली प्रतिमा आहे हे ओळखायला १९८० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. या वर्धनाची किंमतही मोजावी लागते : दहा पट वर्धन मिळते तिथे मागच्या आकाशाचा दहावा हिस्साच दिसतो.

खरा प्रश्न विश्वासाचा आहे. वर्धन किती झाले हे दुर्बीण सांगत नाही. ते समूहातील वस्तुमानाच्या नकाशावरून काढावे लागते आणि त्या नकाशातील बहुतेक द्रव्य अदृश्य असते. आधार मिळतो तो एकाच दीर्घिकेच्या अनेक प्रतिमांचा. गुरुत्वाकर्षण सर्व रंगांचा प्रकाश सारखाच वळवते, म्हणून या प्रतिमांचे रंग आणि ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाचे तांबड्याकडे सरकणे) जुळतात. त्या नेमक्या जिथे दिसतात तिथेच याव्यात यासाठी द्रव्य कुठे किती हवे, याचे गणित मांडता येते. या गणिताची मला ठाऊक असलेली सर्वांत कठोर परीक्षा मॅक्स जे११४९ या समूहाने घेतली. २०१४ च्या नोव्हेंबरात तिथे एकाच अतिनवताऱ्याच्या, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्याच्या, चार प्रतिमा आढळल्या. त्याच्या यजमान दीर्घिकेची आणखी एक प्रतिमा समूहात अन्यत्र होती आणि तिचा प्रकाश अधिक लांबच्या वाटेने येत होता. म्हणून तोच स्फोट तिथे साधारण वर्षभराने दिसेल, असे अनेक गटांनी आधीच लिहून ठेवले. २०१५ च्या डिसेंबरात हबल या अवकाश दुर्बिणीला तो तिथे दिसला. न दिसणाऱ्या द्रव्याच्या नकाशावरून भविष्य वर्तवावे आणि ते खरे ठरावे, याहून मोठा पुरावा मी मागणार नाही.

तरीही सर्व आकड्यांवर माझा सारखा भरवसा नाही. वर्धन दोन-तीन पट असते तिथे वेगवेगळ्या गटांचे नकाशे बहुधा जुळतात. जिथे ते पन्नास पटीच्या घरात जाते, तिथे नकाशातील थोड्या फरकानेही उत्तर कितीतरी बदलते. म्हणूनच पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधकांनी वेब या अवकाश दुर्बिणीच्या प्रतिमांतून शोधलेली आणि २०२५ मध्ये जाहीर केलेली अलकनंदा ही सर्पिल दीर्घिका मला फार मोलाची वाटते. आबेल २७४४ या समूहाच्या पलीकडची ही दीर्घिका, विश्वाचे वय जेमतेम दीड अब्ज वर्षे असताना, दोन रेखीव भुजांसह घडलेली होती. समूहाने तिचा प्रकाश सुमारे दुप्पटच केला आहे आणि इतक्या सौम्य ताणातून अशा भुजा उमटत नाहीत, म्हणून त्या तिच्या स्वतःच्याच आहेत असे मी निःशंकपणे सांगतो. त्याच समूहात, जिथे वर्धन टोकाला पोहोचते तिथल्या प्रतिमांविषयी कुणी विचारले, तर मात्र मी दीर्घिकेच्या तेजाचा एकच आकडा न देता त्याची खालची आणि वरची मर्यादा सांगतो.