घाई नाही, घाट आहेत

अख्खा रविवार आज युरोपच्या नकाशात गेला. म्युनिकला गाडी भाड्यानं घ्यायची, ऑस्ट्रियातल्या ग्रोसग्लॉकनर रस्त्यानं रमतगमत इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगररांगांकडे उतरायचं. १९३५ साली खुला झालेला हा ४८ किलोमीटरचा घाट: ३६ वळणं, उंची अडीच हजार मीटरच्या वर. हिवाळ्यात बर्फामुळे बंद, एरवीही रात्री बंदच! म्हणून सप्टेंबर धरलाय. महामार्गांसाठी विनेटचे, म्हणजे तिथल्या पासचे, पैसे वेगळे, घाटाचा टोल वेगळा. स्वस्तात काही होत नाही तिकडे.

बायकोची अट एकच, दिवसाला तीन तासांच्या वर ड्रायव्हिंग नाही. मी मुकाट्यानं व्हेनिस खोडलं. आता आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढायचं. शिवाय तिथं गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं. "पहिल्या चौकात मी डोळे मिटून घेणार," असं ती आत्ताच सांगून मोकळी झालीय.